फक्कीचं घर

“भिंतीतून नका येऊ, साब. दार तिकडं हाय.”

मिस्त्री माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. आमच्या शहराच्या कडेच्या सातारा परिसरातला उघडा प्लॉट होता, कडेला बाभळी आणि खडीचा ढीग. भिंत सोडाच, तिथं एक वीटही येऊन पडलेली नव्हती. जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि त्या रेघांच्या मधोमध पांढऱ्या दाढीचा, गोल टोपी घातलेला एक माणूस उकिडवा बसला होता. मी डिप्लोमा संपवून नुकताच नकाशे काढायला लागलो होतो. काखेत नकाशाची गुंडाळी, डोक्यावर ऊन, आणि मी सरळ रेघा ओलांडत त्यांच्याकडे चाललो होतो.

मी थांबलो. त्यांनी हाताने उजवीकडे दाखवलं. तिथं रेघेत साडेतीन फुटांची फट होती. मी पाय आपटत मागं फिरलो, वळसा घातला आणि त्या फटीतून आत गेलो. तेव्हा कुठं ते उठले, “या, हा हॉल. बसा,” म्हणाले आणि मातीवर रिकामं पोतं अंथरलं. म्हातारा आपली फिरकी घेतोय, असं मला वाटलं. बसताना मी मुद्दाम मोठा उसासा सोडला. त्यांनी शांतपणे तांब्या पुढं केला आणि विचारलं, “घरात कोण कोण हाय?”

“कुणाच्या घरात?”

“ज्यांचं घर बांधायलो, त्यांच्या.”

मला माहीत नव्हतं. मला प्लॉटची लांबी-रुंदी माहीत होती, खोल्या किती ते माहीत होतं. घरात एक पायाने अधू बहीण आहे, हे मला त्या दिवशी मिस्त्रींकडून कळलं. संडासापुढची पायरी त्यांनी फक्कीतच पुसून टाकली होती.

आपल्या शहरात पूर्वी घरं बांधलेल्यांना मिस्त्रींची रीत आठवत असेल. तुमच्यापैकी एखाद्याच्या वडिलांनी त्यापायी एक दिवस उन्हात काढलाही असेल. पाया खोदण्याआधी लाइनआऊट देतात, म्हणजे कागदावरचं घर फक्कीने जमिनीवर खऱ्या मापाने आखतात. सगळेच मिस्त्री आज आखतात आणि उद्या खोदायला घेतात. हे घेत नसत. मालकाला सांगत, “उद्या समदे या. स्टो आणा, डबे आणा, म्हातारी माणसं आणा. दिवसभर ह्या घरात राहून बघा, मंग खोदू.” आणि राहायचं ते रीतसर. दारातून आत यायचं, दारातूनच बाहेर जायचं. स्वयंपाकघरातून न्हाणीत जायचं तर वळसा घालून. घाईत कुणी रेघ ओलांडली की कुठून तरी आवाज यायचाच, “भिंतीतून नका जाऊ.”

लोक आधी लाजायचे. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. पण दुपारपर्यंत माणसं खरोखर त्या घरात राहायला लागायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका शाळामास्तरांच्या बायको ओट्याच्या जागी उभ्या होत्या, मागून मास्तर पाण्याच्या बादलीकडे निघाले आणि दोघांची धडक झाली. तिथल्या तिथं स्वयंपाकघर एका फुटाने वाढलं. एका आजोबांनी बेडरूममध्ये सतरंजी टाकून ताणून दिली. चार वाजता उन्हाने त्यांना उठवलं आणि खिडकीने जागा बदलली. एक नवं जोडपं तर त्या रेघांच्या हॉलमध्ये असं कडाडून भांडलं की ती मुलगी तडक रस्त्याकडे निघाली. मिस्त्री झटकन आडवे आले. “भांडा, बाई. नवराच हाय त्यो. पर दारातून जा.” ती मागं फिरली, दारापर्यंत आली आणि हसत सुटली. भांडण तिथंच मिटलं.

मिस्त्री मूळचे सिल्लोडकडचे. घरात दखनी बोलत, कामावर आमच्यासारखीच मराठी. भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा कायम सदऱ्याच्या खिशात. कुणाच्याही घरी गेले तरी चहा येईपर्यंत भिंतीवर बोटाच्या मागच्या पेराने टकटक करून बघायचे आणि मान हलवायचे. ती मान बरी हलली की वाईट, ते घरमालकाला कळत नसे, त्यामुळे लोक त्यांना चहाला बोलवायला जरा घाबरत. मला ते साब म्हणत. मी त्यांना चाचा म्हणायला लागलो ते कधी, ते आठवत नाही.

त्यांचं स्वतःचं घर मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडे. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात रांजण. त्या घरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे चाचींनी दार उघडलं, मला आत घेतलं, रांजणातून पाणी काढून दिलं, स्टोवर चहा ठेवला, कपात गाळला आणि एकही थेंब बाहेर न सांडता माझ्या हातात दिला. निघताना मिस्त्री म्हणाले, “तिला दिसत नाय. काचबिंदू. आता धा वर्षं झाली.” मी खुळ्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिलो. मला काहीही कळलं नव्हतं.

दिसणं कमी होत गेलं तसं मिस्त्रींनी त्या घरातलं हलवणं बंद केलं होतं. रांजण जिथं होता तिथं. खाट जिथं होती तिथं. चाचींना घर पावलांनी पाठ होतं. दारापासून रांजण चार, रांजणापासून मोरी तीन. एकदा कुणा पाहुण्याने झाडताना रांजण हातभर सरकवला. इतक्या वर्षांत मी मिस्त्रींचा चढा आवाज ऐकला तो तेवढा एकदाच. चाची मात्र अभिमानाने सांगायच्या, “काठी घेतली नाय म्या. घरात कशाला लागती काठी?”

आता घरं कशी बांधतात ते तुम्ही बघताच आहात. बीड बायपासने एक चक्कर मारा. प्लॉटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत घर, अंगण गाडीने खाल्लेलं. भिंती हलक्या राखाडी ठोकळ्यांच्या; एकावर एक चढतात आणि पाच महिन्यांत वास्तुशांत. हॉल दोन मजले उंच, त्यात झुंबर. चार माणसांना चार बेडरूम, प्रत्येकीला जोडून न्हाणीघर, आणि चौघांनी एकत्र बसायची जागा शोधूनही सापडत नाही. भिंतीतून नुसत्या पायऱ्या बाहेर आलेल्या, धरायला काही नाही. कठड्याच्या जागी काच. सगळा जीव समोरच्या बाजूत ओतलेला. मागं जाऊन बघाल तर गिलावासुद्धा धड नाही. मी हे बोलतोय खरा, पण यातली कितीतरी घरं माझ्याच हातची आहेत. लोक मोबाइलवर फोटो घेऊन येतात, असंच पाहिजे म्हणतात, आणि मी काढून देतो. घरात कोण कोण आहे, हे विचारायचं मीही सोडून दिलं होतं.

फक्कीचा दिवसही गेलाच. उन्हात दिवसभर बसायला कुणाला वेळ आहे? आता कॉम्प्युटरवर घर फिरवून दाखवता येतं. एकदा मिस्त्री गुलमंडीजवळच्या माझ्या ऑफिसात आले तेव्हा मी हौसेने त्यांना बसवून एक बंगला दाखवला. सोफे, पडदे, कुंड्या, सगळं. मी माउस फिरवत हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून जिन्याकडे चाललो होतो. मिस्त्री पुढं झुकून बघत होते. एकदम दचकून मागं सरकले.

“साब, तुमी भिंतीतून गेलात.”

खरंच गेलो होतो. त्या प्रोग्राममध्ये जाता येतं. मला हसू आवरेना. ते हसले नाहीत. पुन्हा पुढं झुकून म्हणाले, “लई झ्याक हाय. पर ह्याच्यात पाय कुठंयत?” मी चहा मागवला आणि विषय बदलला.

मग त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. चिकलठाण्याच्या एका कंपनीत होता. चांगला मुलगा, आईबापाला जपणारा. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याच्यावर घसराल. त्याला दोन खोल्या पाडून तिथंच नवं घर बांधायचं होतं. “सगळ्यांचीच तशी झाली आता, सर. पोरं मोठी व्हायलीत. अम्मी-अब्बालाबी एक चांगली खोली व्हईल.” प्लॉट लहान. खाली गाडी, हॉल आणि स्वयंपाकघर मावलं. निजायच्या खोल्या वर गेल्या. म्हाताऱ्यांची खोली खाली घ्यावी म्हणून मी खटपट केली, पण गाडी हटेना.

मिस्त्री नकाशा बघायला आले. जिन्यावर बोट ठेवून एकेक पायरी मोजली. मग म्हणाले, “चालंल. शिकवतो तिला. फकत मला पक्का नकाशा द्या, साब. एकदा दिला की मंग त्याच्यात बदल नको.”

मी दिला. मोठा प्रिंट काढून, सही करून दिला.

बांधकाम त्यांच्या हाती नव्हतं. वय झालं होतं, आणि हल्लीचे ठेकेदार आपली माणसं आपण आणतात. पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी तिथं जाऊन चढत्या भिंतीवर टकटक केली आणि मान हलवली. ठेकेदाराने मुलाला निर्वाणीचं सांगितलं, एकतर तुमचे वडील नाहीतर मी. मुलगा रडकुंडीला आला. मिस्त्रींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कबूल केलं, “घर पुरं झाल्यावरच येतो. दारातून येतो.” आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. साइटच्या गल्लीतूनही ते जात नसत.

सगळे भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते, स्टेशनच्या बाजूला. समोर मोकळं मैदान. एका सकाळी मी काही विचारायला गेलो, तर मैदानावर माझा नकाशा उतरलेला. खालचा मजला एका अंगाला, वरचा शेजारी, मध्ये जिन्याच्या एकोणीस रेघा. हातात माझा प्रिंट घेऊन मिस्त्री एका कोपऱ्यात उभे होते आणि चाची त्या घरात चालत होत्या.

रेघेजवळ आल्या की मिस्त्री म्हणायचे, “दीवार हाय.” साध्या आवाजात, पाणी दे म्हणावं तसं. त्याबरोबर चाची जागच्या जागी उभ्या राहायच्या. हात पुढं करायच्या, नसलेल्या भिंतीवर तळवा टेकवायच्या आणि तो तळवा तसाच सरकवत दारापर्यंत जायच्या. जिन्याच्या रेघांवर प्रत्येक पायरीला पाऊल उचलायच्या. एकोणीस. मग डावीकडं वळायचं, सात पावलं, उजव्या हाताला खोलीचं दार. त्या वर पोचल्या आणि मला म्हणाल्या, “साब, तुमच्या घरात वारं चांगलंय.” मिस्त्री खुशीत हसले. मी त्यांना इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं. रोज सकाळी हे चाललं होतं. पुसलेल्या रेघा ते पुन्हा मारत. महिनाभराने त्यांनी “दीवार हाय” म्हणणं सोडलं, कारण गरज उरली नव्हती.

वरचा स्लॅब ओतायच्या आठ दिवस आधी मुलगा एक फोटो घेऊन आला. कुठल्याशा बंगल्याचा हॉल, दोन मजले उंच, मधोमध झुंबर. “सर, एवढं झालं तर घराला घरपण येईल.” मी एका दुपारात नकाशा बदलला. जिन्यापासून डावीकडे जाणारी वाट काढून टाकली. जिन्यापुढच्या तीन पावलांपलीकडं आता जमीन नव्हती, खालच्या हॉलची उंची होती. वाट उजव्या भिंतीला गेली. म्हाताऱ्यांच्या खोलीचं दारही तिकडून आलं.

मिस्त्रींना सांगायचं मी विसरलो, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला दोनदा आठवलं. एकदा प्रिंट काढताना, एकदा स्टेशनवरून जाताना. दोन्ही वेळा मनात आलं, मुलगा सांगेलच, घरचीच गोष्ट आहे. मुलाला वाटलं, नकाशा दिला सरांनी, बदल पण सरच सांगतील. आम्ही दोघेही त्या माणसावर माया करत होतो आणि दोघांनीही त्याला सांगितलं नाही. आजही यावर माझा विश्वास बसत नाही.

घर झालं. सकाळी कुरआनख्वानी झाली, दुपारी जेवण. गल्ली माणसांनी भरली होती. मी जरा आधीच आत जाऊन बसलो होतो. वर काचेचा कठडा अजून आलेला नव्हता. काच चुकीच्या मापाची निघाली म्हणून परत गेली होती. स्लॅबच्या उघड्या कडेवरून सजावटवाल्याने फुलांच्या माळा खाली सोडल्या होत्या, हॉलमधून त्या फार शोभून दिसत होत्या. त्या कडेला आडोसा म्हणून दोन खुर्च्या लावून ठेवल्या होत्या. पाहुणे वाढले तशा कुणी तरी त्या खुर्च्या खाली आणल्या. त्यातल्या एका खुर्चीवर मी बसलो होतो.

मिस्त्री फाटकाशी उभे राहून लोकांना आत घेत होते. स्वतः आत यायला तयार नव्हते. “आधी ती. तिला बघू द्या,” म्हणाले. चाची आल्या. नवी साडी, हातापायांना मेंदी. सुनेने हात धरायला पुढं केला, त्यांनी तो बाजूला सारला. “घर माहीत हाय मला.” उंबऱ्यावर पाय ठेवला, पाच पावलं सरळ, उजवीकडं वळल्या, बरोबर जिन्यापाशी. सगळा हॉल गप्प झाला. जिन्याला एका बाजूने भिंत होती, तिच्यावर तळवा टेकून त्या चढायला लागल्या. ओठ हलत होते. मोजत होत्या. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी तर मनातल्या मनात फुशारलो होतो, माझा नकाशा हिला पाठ आहे.

एकोणीस. त्या वर पोचल्या आणि डावीकडं वळल्या.

कुठला नकाशा तिला पाठ आहे, ते मला त्या वळण्यात कळलं. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. हे मी कितीदा कितीजणांना सांगितलंय, आणि प्रत्येक वेळी तेवढंच सांगता येतं, की आवाज निघाला नाही. माझ्यासारखेच सगळे वर बघत होते, कौतुकाने बघत होते. एक पाऊल. दोन. तीन.

मिस्त्री तेवढ्यात दारातून आत आले. चपला काढल्या. वर बघितलं. ते घर आतून ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

“दीवार हाय,” ते म्हणाले.

ओरडले नाहीत. मैदानावर म्हणत तशाच आवाजात म्हणाले. चाची जागच्या जागी उभ्या राहिल्या. हात पुढं केला, तळवा उघडला. तळव्यापुढं काही नव्हतं. मी खाली बसलेलो, आणि मला त्यांच्या पायाची बोटं दिसत होती. फरशीच्या कडेबाहेर आलेली, मेंदी लावलेली पाच बोटं, खालून.

“हात कू लगरी नई जी,” चाची म्हणाल्या.

“हाय. हिलो नक्को.”

आणि ते जिना चढायला लागले. धावले नाहीत. एकोणीस पायऱ्या त्यांनी रोजच्यासारख्या चढल्या, आणि चढताना तिच्याशी बोलत राहिले, कुणाकुणाची माणसं आलीत, सिल्लोडहून कोण आलंय, असलंच काहीतरी. वर पोचले, मनगट धरलं आणि तिला दोन पावलं मागं घेतलं. मग सगळ्यांना समजलं. मुलाच्या हातातलं ताट खाली पडलं, त्याचा आवाज त्या उंच हॉलमध्ये फार वेळ घुमला.

मिस्त्री तिला घेऊन खाली आले. माझ्यासमोर थांबले. मी उभा राहिलो. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“नकाशा बदलला व्हता, साब?”

“हो, चाचा.”

“सांगायचं व्हतं. चार दिसात शिकवलं असतं तिला.”

एवढं बोलून ते चपला घालून तिला घेऊन निघून गेले, दारातून. चार दिवस. माझी चूक मी मनात कितीही मोठी करून बघतो, शेवटी ती त्या चार दिवसांवर येऊन थांबते.

त्याच संध्याकाळी मुलाने लोखंडी कठडा बसवून घेतला. पाया पडला, रडला. चाची जायला तयार होत्या म्हणतात. मिस्त्री तयार झाले नाहीत. मुलावर राग नव्हता. नातवंडं रोज येत, जेवण तिकडून येई. पण दोघं भाड्याच्या खोलीतच राहिली. मी एकदा धीर करून गेलो. त्यांनी चहा दिला, साखर विचारली, पावसापाण्याचं बोलले. मी म्हटलं, “चाचा, मी पुन्हा फक्कीचा दिवस सुरू केलाय. लोक हसतात, पण करतो.” ते म्हणाले, “घरात कोण कोण, ते इचारता का?” मी म्हटलं, विचारतो. “मंग ठीक हाय.” माझ्या ऑफिसात ते परत कधी आले नाहीत.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत ते गेले. मी मातीला गेलो होतो, सगळ्यांत मागं उभा राहिलो. चाचींना भेटायची हिंमत झाली नाही. इद्दतचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरातच राहायचे दिवस संपले, वर आणखी महिना गेला, तेव्हा एका दुपारी निघालो. मुलगा म्हणाला होता, अम्मीला किती सांगितलं तरी ती खोली सोडायला तयार नाही.

खोलीला कडी होती. मागं वळलो तर मैदानावर चाची दिसल्या. एकट्या. हातात काठी नाही. फक्की केव्हाच धुऊन गेली होती, तिथं नुसती माती होती आणि थोडं वाळलेलं गवत. चाची सावकाश चालत होत्या. मध्येच थांबल्या, तळवा उघडून हवेत टेकवला, तो तसाच सरकवत चार पावलं गेल्या आणि वळल्या. मग पाऊल उचलून ठेवायला लागल्या. एक पायरी, दुसरी पायरी. मी तिथूनच मोजत होतो. एकोणिसाव्या पायरीनंतर त्या डावीकडं वळल्या. सात पावलं गेल्या आणि उजव्या हाताच्या खोलीत जाऊन खाली मातीवर बसल्या.

मला तिथं उभं राहवेना. चाची म्हणून हाक मारायचं सुचलं नाही. मी तसाच मैदान तुडवत सरळ त्यांच्या दिशेने निघालो. अर्ध्या वाटेत त्यांनी मान वर केली. माझं पाऊल त्यांनी ओळखलं असणार.

“भिंतीतून नका येऊ, साब,” त्या म्हणाल्या.

मी थांबलो. मागं फिरलो. मैदानाच्या कडेपर्यंत आलो आणि दार शोधायला लागलो. ते घर मी काढलं होतं, सही केली होती, आणि मला त्याचं दार सापडेना. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. स्टेशनात गाडी आली, गेली. चाची आपल्या खोलीत माझी वाट बघत बसल्या होत्या.

“जरा डावीकडं सरका,” त्या म्हणाल्या. “अजून. हां. आता या.”

मी चपला काढल्या आणि आत गेलो.